इंद्रायणी युनायटेडचा एकपानी इलाज

२ जानेवारी, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी.

नवीन वर्ष, नवीन डायरी. कंपनी दर दिवाळीला एक देते आणि दर वर्षी ती बायकोच्या, विजयश्रीच्या किराणा यादीत संपते. यंदा नाही. यंदा हिच्यात एकच विषय: इंद्रायणी युनायटेड फुटबॉल क्लब पुन्हा उभा कसा करायचा.

वस्तुस्थिती. आठ मॅच झाल्या. एक जिंकली, दोन बरोबरीत, पाच हरलो. बारा टीमच्या लीगमध्ये बारावे. तळाची टीम खालच्या लीगमध्ये जाते. तसं झालं तर मालक क्लब बंद करणार, हे त्याने पेपरातच सांगितलंय. म्हणजे पिंपरी-चिंचवडचं फुटबॉल संपलं.

संकल्प:
१. प्रत्येक होम मॅचला हजर राहणे.
२. शिव्या न देता विधायक सूचना देणे.
३. वजन कमी करणे. (याचा क्लबशी संबंध नाही. पण संकल्प दोनच बरे दिसत नाहीत.)

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.

०–३.

तिन्ही गोल गोलकीपरमुळे. ज्ञानदेव. वय छत्तीस. अकरा वर्षं आमच्याकडे आहे म्हणून कॅप्टन. बॉल जाळ्यात जाऊन थांबतो, मग हा उडी मारतो. मी चार वेळा ओरडलो, आजोबा, घरी जा. ही विधायक सूचना आहे.

शेजारी रोहिदास. निघोज्याचा जुना गाववाला, जमिनीवर शेड बांधून कंपन्यांना भाड्याने दिलेत, त्यामुळे त्याला वेळच वेळ. ढोल घेऊन येतो. म्हणाला, आरं समाधान, कशापायी वरडतो, त्यो बी माणूसच हाय. मी म्हटलं, माणूस असेल, गोलकीपर नाही.

एक अडचण. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि लीगवाले मॅच ठेवतात रविवारी. आज सुपरवायझरला फोन करून पोट बिघडल्याचं सांगितलं. पूर्ण खोटं नाही. तिसऱ्या गोलनंतर बिघडलंच.

९ जानेवारी, गुरुवार.

विचार केला. इंद्रायणीला कोच नको, पैसा नको, परदेशी स्ट्रायकर तर अजिबात नको. इंद्रायणीला क्वालिटीचा माणूस हवा.

मी एकवीस वर्षं क्वालिटीत आहे. चाकणच्या कंपनीत ब्रेकचे पार्ट तपासतो. पार्टला गेज लावायचं. बसला तर पास, नाही बसला तर लाल पेटीत. पार्टच्या घरची परिस्थिती विचारायची नाही. एवढं साधं तत्त्व फुटबॉलमध्ये अजून कुणाला सुचलेलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

१९ जानेवारी, रविवार.

१–४. पोट.

कंपनीत आमच्या शॉपवर एक मोठं खोकं आलंय. आत कॅमेरा लावलेलं मशीन. म्हणे चार सेकंदांत पार्ट तपासतं. मला अकरा लागतात. पण मशीनला नजर असते का? सगळ्यांनी खोक्याबरोबर फोटो काढले. मी नाही काढला. माझ्या डोक्यात इंद्रायणीचा डिफेन्स होता.

२३ जानेवारी, गुरुवार.

ऐतिहासिक दिवस. आराखडा झाला.

कंपनीचा कायझनचा, म्हणजे सुधारणा सुचवायचा, कोरा फॉर्म घरी होता. एका पानात समस्या, मूळ कारण, उपाय. त्यावरच लिहिला. मूळ कारण शोधायला आम्ही पाच वेळा 'का' विचारतो. तसंच विचारलं:

टीम का हरते? गोल खाते.
गोल का खाते? गोलकीपर उशिरा उडी मारतो.
उशिरा का मारतो? वय छत्तीस.
वय छत्तीस कसं झालं? वेळेत बदलला नाही.
का बदलला नाही? माया.

मूळ कारण सापडलं: माया. चहा टाकायला सांगितला. विजयश्री म्हणाली, एवढ्यासाठी सकाळपासून बसलाव का?

उपाय:
कलम १. वयाची मर्यादा ठरवावी. ओलांडली की बाहेर. कितीही जुना, कितीही लोकप्रिय असो.
कलम २. जागेवर नवा, वेगवान पर्याय आणावा. सुरुवातीला चुका करील, करू द्याव्यात.
कलम ३. हंगामात चारपेक्षा जास्त वेळा दुखण्याचं कारण सांगणाऱ्याच्या भरवशावर टीम उभी करू नये.

विजयश्रीला वाचून दाखवलं. ती फुटबॉल बघत नाही, गॅलरीत मशीनवर ब्लाउज शिवते. पाय न थांबवता म्हणाली, त्या बिचाऱ्याला लेकरंबाळं असतील, अकरा वर्षांनी एकदम बाहेर काढल्यावर तो कुठं जाईल? मी समजावलं की प्रोफेशनल गोष्टींत हे प्रश्न येत नाहीत. तिने ब्लाउज बाजूला ठेवला. ब्लाउज बाजूला ठेवला की विषय लांबतो. म्हणून घाईने एक कलम वाढवलं.

कलम ४. बाहेर काढलेल्याला अपमान न करता कडेला बसवावं. खुर्ची रिकामी असल्यास.

या कलमाने आराखड्याचा धारदारपणा गेला. पण संध्याकाळचं जेवण वाचलं.

२४ जानेवारी, शुक्रवार.

आराखडा क्लबला पाठवला. ईमेल, रजिस्टर पोस्ट, आणि एक प्रत शिफ्ट सुटल्यावर स्टेडियमच्या वॉचमनच्या हातात. वॉचमन म्हणाला, साहेब, फुकटचे पास संपले. त्याला वाटलं मी पास मागतोय. प्रत घेतली मात्र.

२ फेब्रुवारी, रविवार.

०–२. पोट. या वेळी सुपरवायझर म्हणाला, समाधान भाऊ, तुमचं पोट रविवारीच कसं बिघडतं? मी म्हटलं, शनिवारी रात्री बाहेर जेवतो. म्हणाला, मग जेवू नका. म्हटलं, प्रयत्न करतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

क्लबचं उत्तर आलं! 'प्रिय चाहते, आपल्या प्रेमाबद्दल आभार. आपला चाहता क्रमांक ३८.' खाली एका टूथपेस्टची जाहिरात.

रोहिदास म्हणाला, ह्ये मशीननं धाडलंय, वाचलं बी नसंल कुनी. रोहिदासला पत्रव्यवहाराची सवय नाही. आभार मानलेत म्हणजे वाचलंय. न वाचता कोण आभार मानतं?

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ७.

आज ज्ञानदेव बाकावर! गोलमध्ये नवीन मुलगा, वय वीस, कोल्हापूरचा. कलम १ आणि कलम २, जसंच्या तसं. रोहिदासला म्हटलं, आता बोल. तो ढोलाची दोरी आवळत म्हणाला, पन त्याच्या बोटाला लागलंय असं परवा पेपरात व्हतं की. मी म्हटलं, क्लब असं बाहेर सांगतो. चारचौघांत कुणी कुणाचं नाव घेत नसतं.

ज्ञानदेव टोपी घालून बाकावर बसला होता. प्रत्येक कॉर्नरला उठून पोराला हातवारे करून काहीतरी सांगत होता. अशाने नवीन माणूस गोंधळतो.

स्कोअर १–५. बदलाच्या काळात असं होतं. पोट.

२३ फेब्रुवारी, रविवार.

०–४. बदलाचा काळ चालू आहे. पोट नाही, या वेळी मान.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

कंपनीत कटकट. महिन्याला दोन सूचना पेटीत टाकायच्या, असा नियम. जानेवारीपासून माझ्या शून्य. मार्चअखेर सगळ्यांची वार्षिक गुणपत्रिका होते, त्यात हे धरतात. सुपरवायझर म्हणाला, आज चार वाजेपर्यंत पेटीत काहीतरी पडलंच पाहिजे. बाकीचे काय टाकतात मला माहीत आहे. पंख्याची दिशा बदलणे. पुढच्या महिन्यात पंख्याची दिशा पूर्ववत करणे. दोन सूचना झाल्या.

माझ्या बॅगेत इंद्रायणीचा आराखडा होता. कंपनीचाच फॉर्म, कंपनीचीच पद्धत. वर नाव, टोकन नंबर घातला आणि टाकला. टाकता टाकता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मॅनेजमेंटने हे वाचलं तर? एवढी मोठी कंपनी, आणि जवळच एवढा चांगला क्लब बुडतोय. जर्सीवर आमच्या कंपनीचं नाव!

मी क्लबला वाचवायला निघालो होतो. आता स्पॉन्सरही मिळवून देणार.

५ मार्च, बुधवार.

एचआरच्या स्वरूपा मॅडमचा फोन. स्वतः. म्हणाल्या, तुमची सूचना प्लांट हेडसरांना फार आवडली, मंगळवारी येऊन समजावून सांगाल का?

एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला वरच्या मजल्यावर बोलावलंय. याआधी एकदा गेलो होतो, तेव्हा चुकून लिफ्टचं बटण दाबलं गेलं होतं.

इंद्रायणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'मोठी बातमी लवकरच. जास्त बोलू शकत नाही.' तेवीस मेंबर. दोघांनी अंगठा दाखवला, एक जण ग्रुप सोडून गेला.

८ मार्च, शनिवार.

रोहिदासने फ्लेक्स लावला. मला न विचारता. निघोज्याच्या फाट्यावर, वीस बाय दहा. माझा लग्नातला फोटो, फेटा तसाच. 'इंद्रायणी युनायटेडला नवसंजीवनी देणारे, धडाडीचे, भावी क्लब संचालक मा. समाधान भाऊ यांना हार्दिक शुभेच्छा.' खाली शुभेच्छुकांत रोहिदासचा फोटो माझ्यापेक्षा मोठा.

मी रागावलो. निदान तसं बोललो. कंपनीची बस फाट्यावरून वळते तेव्हा मी खिडकीकडेच बसतो.

११ मार्च, मंगळवार. दुपारी ३.

प्रेझेंटेशन. आयुष्यातला सर्वोत्तम दिवस. (लग्नाचा दिवस धरून. विजयश्री ही डायरी वाचत नाही.)

प्लांट हेडसर, स्वरूपा मॅडम आणि आणखी तिघे. सरांनी फुटबॉलचं फार विचारलं नाही. त्यांना तत्त्वात रस होता. मोठी माणसं अशीच असतात, आधी तत्त्व, मग जर्सी.

सरांनी विचारलं, हा वयाचा नियम सगळ्यांना सारखा लावायचा का? मी म्हटलं, सर, एकाला सूट दिली की नियम मेला. त्यांनी विचारलं, पण समजा माणूस प्रामाणिक आहे, जुना आहे, लोकांचा लाडका आहे? मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ असता तरी. टेबलावर हातही आपटला. मॅडमनी लिहून घेतलं.

कलम ३ बद्दल मॅडमनी विचारलं, चार ही संख्या कशी काढली? मी म्हटलं, अनुभवाने. जो खरंच कामाचा आहे तो वर्षात चारदा आजारी पडत नाही. पाचवं दुखणं म्हणजे मन लागत नसल्याची खूण. मॅडम सरांकडे बघून हसल्या. त्यांना मुद्दा पटला.

मग सर म्हणाले, अकरा सेकंदांऐवजी चार सेकंद लागत असतील तर जुन्याला ठेवण्यात काही अर्थ आहे का? फुटबॉलमध्ये एवढे सेकंद कुठे असतात, पण मोठ्या माणसाला दुरुस्त करायचं नसतं. मी म्हटलं, काडीचाही नाही सर.

निघताना मी मॅडमना विचारलं, लोगो छातीवर येईल की पाठीवर? त्या म्हणाल्या, कुठला लोगो? मी डोळा मारल्यासारखं केलं. सध्या गुप्त ठेवायचं असेल.

१४ मार्च, शुक्रवार.

क्वालिटीत सगळे गंभीर. आमच्यात चौघं पंचेचाळिशीच्या पुढचे. मी सत्तेचाळीस. एचआरच्या केबिनमध्ये यादी टाइप होतेय असं कुणी म्हणतंय. मी त्यांना धीर दिला. वरच्या मजल्यावर माझी ओळख आहे म्हटलं.

कॅमेऱ्याचं मशीन चालू झालं. पहिल्याच दिवशी चांगले चाळीस पार्ट लाल पेटीत टाकले. सर म्हणाले, सुरुवातीला चुका करील, करू द्या. हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय.

२३ मार्च, रविवार.

२–२! एक पॉइंट. आता सहा एप्रिलची शेवटची होम मॅच बरोबरीत सोडवली तरी आपण अकरावे, म्हणजे वाचलो. माझ्या हिशेबाने आमच्या वरच्या मजल्यावरून शब्द गेला असणार, स्पॉन्सर येतोय म्हणून पोरं जिवावर उदार झाली.

पोट. (मान धरून सहावं दुखणं. मोजायचं नव्हतं, पण डायरीत मागे गेलो तर मोजलं गेलं.)

२८ मार्च, शुक्रवार. दुपारी.

कँटीनमध्ये कार्यक्रम. वर्षातील सर्वोत्तम सूचना: समाधान, क्वालिटी. टाळ्या. प्रमाणपत्र आणि भिंतीवरचं घड्याळ. सर म्हणाले, या एका पानाने आपल्याला क्वालिटी विभाग नव्याने बांधायची दिशा मिळाली.

क्वालिटी विभाग म्हणाले. मला वाटलं, बोलताना चुकले.

चार वाजता मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. पाकीट दिलं. पंचेचाळीसच्या पुढच्या चौघांची क्वालिटीतून मुक्तता, एक एप्रिलपासून. पहिलं नाव माझं, कारण कलम ३ फक्त मलाच लागू झालं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही सगळ्यात आधी समजून घ्याल याची सरांना खात्री होती.

मी म्हटलं, मॅडम, ते फुटबॉलचं होतं.

त्या म्हणाल्या, हो, पण तत्त्व किती छान आहे.

मग पाकिटातलं दुसरं पान दाखवलं. सरांना चौघांनाही घरीच पाठवायचं होतं. पण आराखड्यात कलम ४ होतं, आणि सर म्हणाले की आराखडा घ्यायचा तर पूर्ण घ्यायचा. म्हणून आम्हाला निघोज्याच्या स्क्रॅप यार्डात जागा. मॅडमनी फोन करून खात्री केली. खुर्च्या तीनच रिकाम्या होत्या, चौथी त्यांनी कँटीनमधून पाठवायला सांगितली.

२८ मार्च. संध्याकाळ.

विजयश्रीला सांगितलं. तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, म्हणजे ते शेवटचं कलम होतं म्हणून वाचलात. मी म्हटलं, त्या कलमाचं बीज आधीपासून माझ्या डोक्यात होतंच. ती म्हणाली, असंल, आणि ताट वाढलं. भाजी शेपूची होती. मला शेपू आवडत नाही, पण आज खाल्ली. घड्याळ कुठे लावायचं विचारलं तर म्हणाली, मला दिसणार नाही अशा ठिकाणी.

बिछान्यावर पडलो तेव्हा रडू आलं. एकवीस वर्षं. माझ्या हातून निघालेला एकही पार्ट परत आला नाही. हे एवढंच लिहितो.

१ एप्रिल, मंगळवार.

स्क्रॅप यार्ड. मशीनने लाल पेटीत टाकलेले पार्ट इथे येतात. मी बसून बघतो. सहज गेज लावलं. दहातले सहा चांगले. कळवायला वरच्या मजल्यावर फोन केला. मॅडम म्हणाल्या, सूचना पेटीत टाका.

ऊन फार. रोहिदास दुपारी पिकअप घेऊन आला. फाट्यावरचा फ्लेक्स उतरवून आणला होता. म्हणाला, आता संचालक न्हाई तर न्हाई, सावली तरी व्हईल. चार बांबूंवर बांधून दिला. चांगली सावली पडते. वर बघितलं की फेटा दिसतो, म्हणून वर बघत नाही.

६ एप्रिल, रविवार. शेवटची मॅच.

यार्डात रविवारी कोण आलं, कोण नाही, कुणी विचारत नाही. पोट ठीक.

कोल्हापूरच्या पोराला मागच्या मॅचला रेड कार्ड मिळालं. गोलमध्ये ज्ञानदेव. केस बाजूने पांढरे झालेत, हे आधी दिसलं नव्हतं. आधी मी फक्त त्याची उडी बघत होतो.

बरोबरी पुरेशी. माणसाने जीव काढला. पहिल्या हाफमध्ये दोन अडवले, दुसऱ्यात पेनल्टी अडवली. पेनल्टीला मी उभा राहिलो आणि ओरडलो की वयाला काय बघताय, हात बघा हात! आजूबाजूच्यांनी वळून पाहिलं. रोहिदासचा ढोल थांबला. म्हणाला, समाधान, तूच ना रं त्यो? मी म्हटलं, अनुभवाला पर्याय नसतो, हे माझं पहिल्यापासून मत आहे.

शहाऐंशीव्या मिनिटाला साधा बॉल आला, जमिनीवरून. ज्ञानदेव खाली बसला. उशिरा. बॉल पायांतून गेला.

०–१. बारावे. खाली गेलो.

कुणी शिवी दिली नाही. शिवी द्यायला अकरा माणसंच होती, आणि ती उठून पार्किंगकडे गेली. मी जाळीजवळ थांबलो. ज्ञानदेव ग्लोव्हज काढत आला, पाण्याची बाटली उचलली, मला बघितलं. ओळखलं. तीन महिने एकच आवाज ऐकल्यावर कुणीही ओळखील. म्हणाला, काका, आज घरी जा म्हणाला नाहीत.

मी म्हटलं, घसा बसलाय.

त्याने अर्धी बाटली प्यायली, अर्धी डोक्यावर ओतली. म्हणाला, आता जावंच लागणार, क्लब बंद होतोय. मग माझ्या शर्टावरचं कंपनीचं नाव वाचलं. गडबडीत युनिफॉर्मवरच गेलो होतो. म्हणाला, चाकणला आहात का? तुमच्याकडे काही असलं तर बघा ना. पोरगी सहावीत आहे. काहीही काम करीन, नुसतं बसायचं असलं तरी चालेल.

मला खुर्ची आठवली. पण ती माझीच होती. मी म्हटलं, आमच्याकडे वयाची अट आहे.

तो म्हणाला, असली कसली अट, कुणी घातली?

मी म्हटलं, वरून आलीय.